ग्रंथालयावर तोफा कशासाठी?

‘माणसे मरत असताना कविता कसल्या लिहिता, गाणी कसली गाता?’ हा सवाल आम्हाला मोर्चातले साथीही विचारतात आणि मशिदीच्या पायरीवरचे बुजुर्गही. आमचा उलट सवाल आहे: हे सारे इतके कुचकामी, तर त्यावर दारूगोळा कशाला खर्च होतो?

सारायेवो शहराला बोस्नियन सर्ब फौजांनी एप्रिल 1992मध्ये घातलेला वेढा फेब्रुवारी 1996पर्यंत चालला. 17 मे 1992 रोजी तिथली प्राच्यविद्या संस्था जाळली गेली. अरबी, फारसी, तुर्की अशी पाच हजारांवर हस्तलिखिते राख झाली. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय पेटवले. तिथे काय तोफखाना होता? इथे मुसलमान कधी नव्हतेच असे उद्या म्हणायचे, तर आज दप्तर जाळावे लागते.

हराम-हलालवर घसा कोरडा करणाऱ्यांनीही ऐकावे. बोस्नियाच्या मुसलमानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली प्रेमगीते म्हणजे ‘सेवदालिंका’. त्यातला ‘सेवदा’ म्हणजे आपल्या उर्दूतला ‘सौदा’, इश्काचे वेड! (मिर्झा सौदांचे तखल्लुस आठवा.) ही गाणी वगळून त्यांचा इतिहास कसा सांगणार?

भग्न इमारतींत चेलो वाजवणाऱ्या वेद्रान स्मायलोविचचे फोटो जगभर छापले गेले. छापावेतच. पण गाझी हुसरेव बेग ग्रंथालयाचे मुस्तफा याहिच आमच्यातल्या कितींना ठाऊक? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1537पासूनच्या त्या ग्रंथालयाची हस्तलिखिते केळ्यांच्या खोक्यांत भरून, गोळीबारातून वारंवार जागा बदलत वाचवली. म्हणून 2014 साली नव्या इमारतीत ठेवायला काही उरले होते.