जड म्हणजे मजबूत नव्हे

दोन आसनी ट्राइक खडकाळ माळावर उतरवायची म्हटलं, की तीन सल्ले हमखास मिळतात: इंजिन मोठं घ्या, टायर जाड घाला, सांगाडा भक्कम वेल्ड करा. हातकणंगले तालुक्यात, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ, हे लगेच पटतं. ओतकाम आणि ऑइल इंजिनांवर नाव कमावलेल्या या भागात जड तेच टिकाऊ, हा अनुभव पिढ्यांचा आहे. ट्रॉलीला तो लागू पडतो. वर कापडी पंख आणि खाली तीनचाकी गाडी असलेल्या ट्राइकसारख्या उडत्या यंत्राला तो घातक आहे.

हिशेब सरळ आहे. पंख तोच ठेवून वजन 20 टक्के वाढवलं, तर हवेत तरंगण्याचा किमान वेग सुमारे 10 टक्के वाढतो आणि जमिनीला टेकताना जिरवायची ऊर्जा तब्बल 44 टक्के वाढते. म्हणजे मजबुतीसाठी घातलेलं लोखंडच धक्का वाढवतं. वेल्डिंगचंही तसंच. 6061-टी6 ॲल्युमिनियमची नळी वेल्ड केली, की सांध्यालगतची तिची ताकद निम्म्यापर्यंत घसरते. म्हणून अशा नळ्या बोल्टांनी जोडतात.

इंजिनाबाबत सल्ला देणाऱ्यांचं एक म्हणणं मान्य. एप्रिलच्या उन्हात दोघांना घेऊन चढायचं तर 80 अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक रोटॅक्स 912 हवंच. पण रानात उतरायची वेळ बहुधा इंजिन बंद पडल्यावरच येते. तेव्हा ती अश्वशक्ती नुसतं वजन असते.

आणि जाड टायर? कमी हवेचा फुगीर टायर दगड गिळतो हे खरं, पण गिळलेला धक्का तो परत फेकतो. ट्राइक उसळते, वेग संपलेला असतो, दुसरी आपट पहिलीपेक्षा वाईट बसते. स्प्रिंगसोबत धक्का जिरवणारा डॅम्पर हवा. मागची चाकं दूर-दूर हवीत, कारण आडव्या वाऱ्यात पंख गाडीला कलंडवतो. प्रोपेलर मागे असल्याने चाकांनी उडवलेला खडा थेट त्याच्यावर जातो, म्हणून मडगार्ड हवेत. पण आपल्या काळ्या चिकण रानात टायर आणि मडगार्ड यांच्यात चांगली फट नसेल, तर चिखल भरून चाकच जाम होतं. तुटून गेलेल्या उसाच्या रानात सरीला आडवं उतरणं म्हणजे प्रत्येक वरंब्यावर पुढच्या चाकाची परीक्षा. तिथे सरीच्या दिशेनेच उतरावं, आणि पुढच्या चाकालाही सस्पेन्शन असावंच.

या सगळ्याच्या आधी मोठ्या क्षेत्रफळाचा, हळू उडणारा पंख निवडावा. ताशी 70 ऐवजी 50 किलोमीटर वेगाने टेकलात, तर ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. कुठलाही टायर एवढं देत नाही. असा पंख वाऱ्याच्या झोतात जास्त हेलकावतो आणि प्रवासात मागे पडतो; खडबडीत भागासाठी ही किंमत मोजायलाच हवी.

शिरोली-इचलकरंजीच्या तरुण अभियंत्यांनो, आधी पंखाचं क्षेत्रफळ ठरवा, मग गाडी आखा. उड्डाणाची परवानगी मागण्यापूर्वी दोन माणसांच्या वजनाची वाळूची पोती आसनांवर बांधा आणि गाडी अर्ध्या मीटरवरून खाली सोडा. ती सेकंदाला सुमारे 3 मीटर वेगाने आदळेल. उसळली, तर डॅम्पर बदला. लोखंड वाढवू नका.