बंदूक गेली, वाटाड्या राहू द्या

गेल्या दिवाळीत माझा अमेरिकेतला भाचा लोणावळ्याला आला होता. ओसरीवर चहा पिता पिता त्याने वसंतातल्या अस्वलाच्या शिकारीचा बेत मला सांगितला. ठिकाण अलास्कातलं कोडियाक बेट. हंगाम १ एप्रिल ते १५ मे. थंडीभर गुहेत झोपलेली अस्वलं याच सुमारास बाहेर पडतात. पिल्लांसोबतची मादी मारायची नाही. चार वर्षांत एकाहून जास्त अस्वल मारायचं नाही. "आणि मामा, तिथे राहणारा जवळचा नातलग सोबत नसेल, तर परवाना असलेला गाइड घ्यावाच लागतो. तो उठ म्हणेल तेव्हा उठायचं, बस म्हणेल तिथे बसायचं."

हौसेखातर जीव घेणं मला पटत नाही, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. गाइडची गोष्ट मात्र मनात घर करून बसली.

माझे आजोबा नाणे मावळातले. साहेबांच्या शिकारीला ते हाकाऱ्याला जायचे. डबे बडवत रान उठवायचं आणि जनावर मचाणाकडे काढायचं, हे त्यांचं काम. बंदूक साहेबाची असे. पण कोणत्या पाणवठ्यावर काय उतरतं, माग ताजा की शिळा, वारा कुठून वाहतो, हे आजोबांना ठाऊक असे. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेल्या फोटोंत हाकारे कधीच दिसत नाहीत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौशी शिकारीचा जमाना संपत गेला. उत्तम झालं. आज अस्वल या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते मारणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. तरुणपणी शिकारीचा नाद असलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे नागझिऱ्याच्या जंगलात नुसतं पाहायला जाऊन राहिले, आणि मराठीला 'नागझिरा' हे पुस्तक मिळालं. बंदूक सुटली तरी रान सुटत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

मी स्वतः अस्वल पाहिलं ते मेळघाटात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री. वनविभाग त्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतो. माझ्यासोबत एक कोरकू वाटाड्या होता. दुपारी मचाणावर चढण्याआधी त्याने चिमूटभर माती बोटांतून सोडली आणि ती कुठे उडते ते पाहिलं. माझ्या पिशवीतला चुरचुर वाजणारा चिवड्याचा पुडा काढून चिवडा कापडात बांधला. अत्तर लावलंय का, विचारलं. पुढे सात-आठ तास आम्ही बोललो नाही. मध्यरात्र उलटल्यावर त्याने माझ्या मनगटावर बोट टेकवलं. मला काहीच दिसत नव्हतं. मग लोहाराच्या भात्यासारखा फुरफुर आवाज ऐकू आला. अस्वल वारुळातली वाळवी ओढून घेत होतं. थोड्या वेळाने मादी चांदण्यात आली. पाठीवरच्या केसांना धरून दोन पिल्लं बसली होती. ती पाणी प्यायली, मान वर करून वास घेतला आणि निघून गेली. वाटाड्या नसता तर त्या आवाजाला मी वारा समजलो असतो.

आता आमच्या मावळात या. मे संपता संपता राजमाची गडाच्या रानात काजवे चमकू लागतात. ते चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्याच रात्री तुंगार्लीवरून गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, टॉर्च, स्पीकरवरची गाणी. इतक्या उजेडात मादीला नर दिसणार कसा? आणि तिथल्याच वस्त्यांतल्या, ज्या उधेवाडीच्या, ठाकरवाडीच्या पोरांना तिथलं झाडन् झाड ठाऊक आहे, ती पोरं रस्त्याकडेला मॅगी विकत उभी असतात.

दुसरं दुखणं फासकीचं. डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फासात बिबट्या अडकल्याच्या बातम्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी येत असतात. फास लावणाऱ्याला जनावराची वाट बरोबर कळते, म्हणूनच तो तिथे लावतो. त्याच्यावर कायद्याची कारवाई व्हायलाच हवी. पण हे ज्ञान ज्या घरांत आहे, त्या घरांतल्या पोरांना वाट दाखवण्याची मजुरी मिळाली, तर फास लावण्याची वेळ त्यांच्यावर कशाला येईल?

ताडोबात, मेळघाटात गाइडशिवाय सफारीची गाडी आत सुटत नाही. अलास्कात मारायला जाणाऱ्यालाही गाइड लागतो. मग मावळच्या रानात रात्री कुणीही, कसंही का शिरावं? माझी मागणी सरळ आहे. काजव्यांच्या हंगामात सूर्यास्तानंतर राजमाचीच्या रानात नोंदणी केलेल्या स्थानिक वाटाड्याशिवाय प्रवेश नको. वनविभागाने या तरुणांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावं, ग्रामपंचायतीने दर ठरवून फलकावर लावावा, गाड्या गावाच्या अलीकडे थांबवाव्यात. वर्षानुवर्षं किल्ले चढणारे म्हणतील, आम्हाला वाट माहीत आहे. असेलही. दिवसा गड सर्वांना मोकळाच राहू दे. पण रात्रीचं रान तिथल्या जिवांचं असतं, आणि आपण तिथे पाहुणे असतो.

नियम होईल तेव्हा होईल. या मे महिन्यात राजमाचीला निघालात, तर उधेवाडीतला एखादा माणूस सोबत घ्या. त्याला त्याची मजुरी द्या. तो टॉर्च विझवा म्हणाला की विझवा आणि तो बसेल तिथे गप्प बसा.