मोकळा केलेला खेळाडू आणि जुन्या सौद्यांचा हिशेब

खेळाचे शौकीन जगात कुठेही जा, सारखेच. संघ हरला की यांच्या घशाखाली घास उतरत नाही आणि संघाने एखाद्या खेळाडूला काढले की वाद मध्यरात्रीपर्यंत चालतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २०१० साली असाच एक वाद पेटला. आज इतकी वर्षे लोटली तरी तिथल्या जुन्या शौकिनांपुढे त्या खेळाडूचे नाव काढा, वाद पुन्हा सुरू होतो. वाद खेळाचा आहे खरा, पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाने कान देऊन ऐकावे असे त्यात पुष्कळ आहे. म्हणून आज त्याविषयी.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू हातात धरून, प्रतिपक्षाच्या धडका खात तो मैदानाच्या टोकापलीकडे न्यायचा. तिथे पोहोचला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू लांब फेकतो आणि पुढे धावत जाऊन जो तो झेलतो त्याला रिसीव्हर म्हणतात. या खेळातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. मिनियापोलिस शहरातला मिनेसोटा व्हायकिंग्ज हा तिथला एक संघ. १९७० ते १९७७ या काळात हा संघ चार वेळा सुपर बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. तेव्हा तिथल्या लोकांच्या जिवाला किती हळहळ असेल, याची कल्पना करा.

या संघात १९९८ साली रँडी मॉस नावाचा उंचापुरा कृष्णवर्णीय तरुण आला. वेस्ट व्हर्जिनियातल्या रँड या लहानशा गावचा. तरुणपणी कोर्टकचेरीची प्रकरणे झालेली, दोन मोठ्या विद्यापीठांची दारे बंद झालेली. म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत वीस नावे पुकारली गेली तरी याला कोणी घेतले नाही. एकविसाव्या पाळीला व्हायकिंग्जने घेतले. पहिल्याच वर्षी त्याने १७ टचडाउन झेलले. नवख्या रिसीव्हरने एवढे कधी केले नव्हते. त्या वर्षी संघाने सोळापैकी पंधरा सामने जिंकले.

सात वर्षे तो तिथे खेळला. मग मार्च २००५ मध्ये संघाने त्याला ओकलंड रेडर्सला देऊन टाकले. मोबदल्यात एक बचावाचा खेळाडू आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या दोन पाळ्या मिळाल्या. हा पाळीचा प्रकार असा : दरवर्षी कॉलेजमधून येणाऱ्या मुलांना संघ क्रमाने निवडतात, सर्वांत कमकुवत संघाचा नंबर पहिला. पण ही रांगेतली जागा संघांना आपसात विकता-बदलता येते. मिळालेल्या सातव्या क्रमांकाच्या पाळीवर व्हायकिंग्जने ट्रॉय विल्यमसन नावाचा रिसीव्हर घेतला. त्याच्या हातून चेंडू निसटत राहिले आणि २००८ मध्ये सहाव्या फेरीच्या एका पाळीवर संघाने त्यालाही दुसरीकडे धाडले. इकडे मॉसला रेडर्सने २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सला दिले, तेही चौथ्या फेरीच्या एका पाळीवर, म्हणजे जवळजवळ मातीमोल भावाने. त्याच वर्षी त्याने २३ टचडाउन झेलून एका हंगामाचा विक्रम केला!

ऑक्टोबर २०१० मध्ये व्हायकिंग्जने तिसऱ्या फेरीची पाळी देऊन मॉसला परत आणले. गावात दिवाळी झाली. पण चारच सामने झाले. ३१ ऑक्टोबरला न्यू इंग्लंडच्या मैदानावर संघ हरला. मॉसच्या वाट्याला अवघा एक चेंडू आला. सामन्यानंतर पत्रकारांसमोर त्याने आपल्या संघाऐवजी जुन्या संघाचेच गुणगान केले. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस यांनी त्याला काढल्याचे जाहीर केले. तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच, २२ नोव्हेंबरला, चिल्ड्रेस यांचीही नोकरी गेली.

तेव्हापासून शौकिनांत तट पडले ते पडले. एक तट म्हणतो, चूक २००५ ची. एवढा हिरा दिला आणि काचेचा तुकडा घेतला. दुसरा म्हणतो, चूक २०१० ची. परत आणायलाच नको होता, तिसऱ्या फेरीची पाळी फुकट गेली. तिसरा म्हणतो, आणला होता तर सांभाळायचा, चार सामन्यांत काय कळते? आणि कोणीतरी जुनाजाणता मध्येच म्हणतो, अरे, हे सगळे सोडा, हर्शल वॉकरचा सौदा आठवा!

तो सौदा १२ ऑक्टोबर १९८९ चा. डॅलस काउबॉइज संघ तेव्हा तळाशी होता. त्या वर्षी सोळापैकी एकच सामना जिंकला. त्यांच्याकडे हर्शल वॉकर हा एकच नामांकित धावपटू होता. व्हायकिंग्जला वाटले, हा एक मिळाला की सुपर बोल आपलाच. त्या एका माणसासाठी त्यांनी पाच खेळाडू आणि पुढच्या तीन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या पाळ्या देऊ केल्या. वॉकर पहिल्या सामन्यात जोरात धावला, पण नंतर तो बहर राहिला नाही. १९९२ मध्ये संघाने त्याला सोडले. डॅलसने मात्र त्या पाळ्यांच्या भांडवलावर नवा संघ उभा केला. एमिट स्मिथसारखे मोहरे त्यातूनच आले आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांत तीन वेळा सुपर बोल जिंकला. त्या खेळाच्या इतिहासातला हा सर्वांत एकतर्फी सौदा, असे आजही लिहिले-बोलले जाते.

हा झाला शौकिनांचा हिशेब. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. काय दिले, काय मिळाले, कोण फसले, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. तिकिटाचे पैसे तेच मोजतात. पण या वहीत एक रकाना कोरा राहतो. ज्याला दिले, ज्याला घेतले, त्या माणसाचे काय?

वॉकरच्या सौद्यातच पाहा. डॅलसकडे गेलेल्या पाच खेळाडूंना त्या पाळ्या बांधलेल्या होत्या. डॅलसने ठरावीक मुदतीच्या आत खेळाडूला कामावरून काढले, तर त्याच्या नावची पाळी डॅलसला मिळणार! म्हणजे हा गडी चांगला खेळला तर मालकाचा तोटा आणि त्याला घरी बसवले तर फायदा. कामगाराला काढण्याचेच बक्षीस! आपल्यापैकी कोणी असल्या अटीवर कामाला राहील काय? त्या पाचांतला डॅरिन नेल्सन मात्र मला डॅलसला जायचे नाही म्हणून अडून बसला. अखेर त्याला सॅन डिएगोला पाठवावे लागले. शौकिनांच्या वादात या नकाराची आठवण क्वचितच निघते.

मॉसचेही तसेच. आपल्या मराठीत नोकरीवरून काढण्याला ‘मोकळे केले’ असेही म्हणतात. मॉसला मोकळे केले, पण तो मोकळा झाला का? नाही! त्या वेळच्या नियमाप्रमाणे असा खेळाडू आधी इतर संघांपुढे ठेवला जातो. जो संघ हात वर करील त्याच्याकडे, होता त्याच करारावर, त्याने जायचे. तुला कुठे जायचे आहे, असे त्याला विचारण्याची सोय नाही. टेनेसी टायटन्सने हात वर केला आणि मॉस टेनेसीला गेला. एका हंगामात तीन शहरे, तीन संघ.

कोणी म्हणेल, लाखो डॉलर घेणाऱ्याची कसली कीव करता? प्रश्न रास्त आहे. मॉसला पोटाची चिंता नव्हती. २०१८ साली तर त्याला त्या खेळाच्या मानाच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये, जागा मिळाली. पण जो नियम मॉसला लागू तोच किमान पगारावरच्या, नाव न झालेल्या पोरालाही लागू. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेच्या सांगण्याप्रमाणे खेळाडूची सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नाही. करारावर आकडा मोठा असतो, पण त्यातला पुष्कळसा भाग हमीचा नसतो. आज काढले की उद्यापासूनचा पगार बंद. गुडघा दुखावलेला, डोक्याला मार बसलेला, वय पंचवीस-सव्वीस. त्याच्या सौद्यावर कोणी वाद घालत नाही, कारण त्याच्या बदल्यात काही मिळालेलेच नसते.

आणि पूर्वी तर याहून वाईट स्थिती होती. करार संपला तरी खेळाडू सुटत नसे. १९६३ पासून असा नियम होता की करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतले तर जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचे जमले नाही तर ती स्पर्धेचे आयुक्त ठरवणार. भरपाई किती बसेल याचा नेम नाही, म्हणून दुसरे संघ हातच लावत नसत. कराराची मुदत संपली तरी धनीपण संपत नाही, ही ती रीत.

या रीतीविरुद्ध बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी उभा राहिला. तोही चेंडू झेलणाराच आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. तो चालला मिनियापोलिसच्या न्यायालयात, म्हणजे याच व्हायकिंग्जच्या शहरात! निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला आणि १९७६ मध्ये वरच्या न्यायालयातही टिकला. पण पुढच्याच वर्षीच्या समझोत्यात वेगळ्या नावाने बंधने परत आली. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला. मालकांनी बदली माणसे मैदानात उतरवून सामने चालू ठेवले आणि २४ दिवसांत संप मोडला. गिरणीतला असो की मैदानातला, संप मोडण्याची तऱ्हा एकच.

तरी लढा थांबला नाही. फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सोबत्यांचा दावा पुन्हा मिनियापोलिसमध्येच उभा राहिला. १० सप्टेंबर १९९२ रोजी ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. त्यातून १९९३ चा करार झाला : ठरावीक वर्षे खेळलेला खेळाडू, करार संपला की, आपल्या मर्जीने संघ निवडू शकेल. मालकांनी बदल्यात पगाराच्या एकूण खर्चावर मर्यादा मिळवली, ती १९९४ पासून लागू झाली. मिळाले ते सगळे नव्हे, पण मिळाले.

मॅकीला काय मिळाले? मानाच्या दालनात त्याचे नाव यायला १९९२ साल उजाडले. संघटनेच्या कामामुळेच हा उशीर झाला असे अनेकांचे म्हणणे. उतारवयात त्याची स्मृती गेली. पत्नी सिल्व्हिया यांनी पन्नाशी उलटल्यावर विमानात प्रवाशांच्या सेवेची नोकरी धरली. त्यांनी आयुक्तांना पत्र लिहून हाल कळवले. त्यानंतर अशा आजारी खेळाडूंच्या देखभालीसाठी २००७ पासून एक मदत योजना सुरू झाली. मॅकीच्या अंगावरच्या ८८ क्रमांकावरून तिला ‘८८ योजना’ असे नाव दिले. २०११ मध्ये मॅकी गेला. योजना मात्र इतरांच्या घरी उपयोगी पडली. पुरुष मैदानात लढतो तेव्हा घरातली बाई कुठली लढाई लढत असते, हेही या निमित्ताने आपल्या माता-भगिनींनी ध्यानात घ्यावे.

आता शौकिनांच्या बोलण्यातली एक गोष्ट पाहा. संघाने खेळाडूला काढले की ते म्हणतात, हा धंदा आहे, चालायचेच. आणि तोच खेळाडू करार संपल्यावर जास्त पगाराच्या संघाकडे गेला की म्हणतात, गद्दार निघाला! मालकाने हिशेब केला तर तो व्यवहार आणि कामगाराने केला तर ती बेइमानी? एका तराजूला दोन वजने कशी चालतील?

वाद जरूर घाला. खेळावरचे प्रेम वाद घातल्याशिवाय पुरे होत नाही. २००५ चा सौदा वाईट होता, १९८९ चा तर त्याहून वाईट, हे मलाही मान्य आहे. पण पुढच्या वेळी कोणत्याही खेळातल्या कोणत्याही खेळाडूला काढल्याची बातमी वाचाल, तेव्हा संघाला काय मिळाले एवढेच विचारून थांबू नका. त्या माणसाला कुणी विचारले होते का, हेही विचारा. आपल्या मुलांनाही विचारायला शिकवा. आज ती टीव्हीपुढे बसून दुसऱ्याच्या सौद्याचा हिशेब मांडतात. उद्या त्यांच्याच हातात कुणीतरी कराराचा कागद ठेवणार आहे. तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही करायची, एवढे शहाणपण त्यांनी या खेळातून घेतले तरी पुष्कळ झाले.