प्रगतिपुस्तकातले तीन रकाने



वार्षिक निकालाबरोबर मुलांचे प्रगतिपुस्तक घरी येते. आपण श्रेणी पाहतो, सही करतो, की ते परत दप्तरात जाते. पण पहिली ते आठवीच्या बहुतेक प्रगतिपुस्तकांत आणखी तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. २०१० साली राज्यातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून गुरुजी-बाई या नोंदी लिहितात. त्या मुलाला जवळ बसवून वाचाव्यात.

माती परीक्षणाचा अहवाल आठवा. 'जमीन वाईट' असे त्यात कुठेच नसते. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर असे असते. म्हणून तर काय घालायचे आणि कशावरचा खर्च वाचवायचा ते ठरते. मुलाचा अहवाल मात्र आपण एका शब्दात देतो : "गणितात ढ आहे." अहो, गणितात म्हणजे कशात? पाढे येतात, बेरीज-वजाबाकी येते, अडते ते शेकडेवारीत. उणीव एका जागी आहे. पण 'ढ' ऐकून ऐकून ते पोर सगळेच गणित सोडून देते.

मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची असतेच. ते काम मुलावर सोपवा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा अधिक निघाले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी निघाले तर त्या मानाने एकरी बियाणे वाढवावे लागते. किती, ते त्यालाच काढू द्या. आपण नुसते पाहावे. कोणाला दाणे मांडायचा कंटाळा, पण हिशेब चटकन करतो. कोणी हिशेबात अडखळतो, पण बुरशी धरलेला दाणा सर्वांआधी त्यालाच दिसतो. कोणी पाणी शिंपडायलाच विसरतो! शेवटी विचारा : "यात तुला काय जमलं, काय जड गेलं?" उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. आपण आधी बोललो, की पोरे आपल्याला आवडेल तेच सांगतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, त्यांचे बी निराळे राखून पुन्हा पुन्हा पेरले. त्यातून एचएमटी हे वाण आले. म्हणून शाळेची गरज नाही, असे कृपा करून कोणी समजू नका. अशी नजर गुणपत्रिकेत दिसत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

मुलींच्या बाबतीत तर फारच अन्याय होतो. करडू मलूल आहे हे सकाळी तीच आधी ओळखते, डेअरीच्या दुधाचा फॅटप्रमाणे हिशेब तीच लिहिते. तरी विचारले तर आपण म्हणतो, "ती काय, घरचंच करते." तेच मुलाने केले असते तर गावभर सांगितले असते. दहावीनंतर पुढे कोणाला शिकवायचे हे ठरवताना तिची ही वही आठवणीने उघडा.

आणि "नापास झालास तर नांगराला जुंपीन" ही धमकी घरातून काढून टाका. शेती म्हणजे काहीच न जमणाऱ्यांचे काम, हे पोर तिथूनच शिकते.

जूनमध्ये शाळा उघडली की मुलाला बरोबर घेऊन बाईंना भेटा. 'सुधारणा आवश्यक' मध्ये लिहिलेल्यांपैकी एकच गोष्ट दिवाळीपर्यंतसाठी निवडा. कोणती, ते मुलाला ठरवू द्या. उगवणीच्या हिशेबाचा कागदही सोबत न्या. त्याचे हे काम शाळेने कदाचित पाहिलेले नसेल.