‘हा तवा कशाला टांगलास?’

लग्नानंतर बारा वर्षांनी बैठकीच्या खोलीत मी माझ्या पसंतीचं पहिलं चित्र लावलं. रझा यांच्या ‘बिंदू’ची छापील प्रत. मधोमध मोठा काळा गोल. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं नि विचारलं, “अगं, हा तवा कशाला टांगलास?”

मैत्रिणींनो, मला पटकन उत्तरच सुचेना! मग सांगितलं, की लहानपणी रझांचं मन एका जागी ठरेना, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्यांना त्याकडे बघत बसवलं होतं. पुढे त्यांच्या चित्रांत तो ठिपका वर्षानुवर्षं येत राहिला. “असं होय,” एवढंच म्हणाल्या. हल्ली दुपारी त्यांची खुर्ची चित्रासमोर असते. पंख्याचा वारा तिथेच लागतो म्हणे.

‘अमूर्त चित्र सोफ्याच्या रंगाचंच घ्यावं का?’ असं एका भगिनीने विचारलंय. मुळीच नको. सोफ्याची कव्हरं दोन-चार वर्षांत बदलतात. जे चित्र पुन्हा पुन्हा बघावंसं वाटेल ते घ्या. अर्थ लागला नाही तरी चालेल. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे तर आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणंही नाकारत. मग पाहुण्यांना अर्थ सांगण्याची जबाबदारी आपल्यावर कशाला?

खरी काळजी घ्यायची ती फ्रेमची. माझी पहिली प्रत फ्रेमवाल्याने थेट काचेला टेकवून बसवली होती. एका पावसाळ्यात कागद काचेला असा चिकटला, की सोडवताना रंगच निघून आला. साठवलेले पैसे गेले ते गेलेच. तेव्हा चारही बाजूंनी जाड पुठ्ठ्याचं माउंट घालायला सांगा. काच नि कागद यांत फट राहते. पुठ्ठा आम्लरहित मागा, साधा कालांतराने पिवळा पडतो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहील. पावसाची ओल येणारी भिंत टाळा, ऊन पडणारी तर नकोच. छापील रंग उन्हाने विटतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. सोफ्यावर लावाल तर मध्ये वीतभर जागा सोडा. आणि काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या बरं का, काचेवर नको. ओघळ थेट फ्रेमच्या आत जातो.