लॅपटॉप ठणठणीत, मग वाय-फाय का रुसले?

समजा, जबलपूरच्या राइट टाउनमधले एक मराठी कुटुंब आहे. वडील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला, आई घरी शिकवण्या घेते आणि मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक लॅपटॉप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ काही त्या जुन्या यंत्रावर बसेना. शेवटी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मुलीने त्यावर लिनक्स टाकले. पैसा लागला नाही आणि लॅपटॉपही पूर्वीपेक्षा चपळ झाला. पण वाय-फायची खूण काही पडद्यावर उमटेना. परीक्षेचा अर्ज भरायला तर चारच दिवस उरलेले!

बाजारात नेला तर दुकानदाराचे उत्तर ठरलेले. ‘‘पुराना है, नया ले लीजिए.’’ म्हणजे घरखर्चात तीसएक हजारांचा खड्डा.

तो खड्डा पाडण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कालपर्यंत विंडोजवर हेच कार्ड बिनतक्रार चालत होते. तेव्हा बिघाड कार्डात नाही. अडचण आहे ती भाषेची.

दुभाष्याविना मुके

वाय-फाय कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. त्यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जबलपूरकरांना हे उदाहरण देऊन सांगणे सोपे आहे, कारण लष्कराच्या सिग्नल विभागाचे प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच गावात आहे. संदेश हवेतून कानापर्यंत आला, पण त्याची सांकेतिक भाषा ठाऊक नसेल, तर ती नुसती खरखरच!

कार्ड बनवणारी कंपनी विंडोजसाठी हा दुभाषा स्वतः तयार करून देते. लिनक्सची गोष्ट निराळी. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवले. अनेक कंपन्यांनी त्यासाठी ड्रायव्हर तर दिला नाहीच, शिवाय कार्डाची अंतर्गत माहितीही कुलपात ठेवली. मग ड्रायव्हर लिहिणार कोण आणि कशाच्या आधारे?

ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपबाबत हेच घडले. ही चिप अ‍ॅपलच्या संगणकांत होती, बऱ्याच लॅपटॉपमध्ये होती, पण लिनक्सवर ती मुकीच. तेव्हा काही हौशी जाणकारांनी एक युक्ती योजली. ब्रॉडकॉमचीच चिप असलेल्या काही राउटरमध्ये आतून लिनक्सच चालत होते, पण तिथला ड्रायव्हर वाचता न येणाऱ्या रूपात होता. एका गटाने तो उलगडला आणि चिपला केव्हा काय सांगावे लागते, याचे टिपण तयार केले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. उद्देश हा, की कोणी नक्कल केल्याचा आरोप करू नये. जून २००६ मध्ये तो लिनक्समध्ये सामील झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला.

या कामात पुढे अनेक वर्षे राबलेले एक नाव म्हणजे अमेरिकेतले लॅरी फिंगर. ते मुळात खनिजांच्या स्फटिकरचनेचे संशोधक. ‘फिंगराइट’ या खनिजाला त्यांचेच नाव दिलेले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रॉडकॉम आणि रिअलटेक या कंपन्यांच्या कार्डांसाठी शेकडो सुधारणा लिहिल्या आणि अडलेल्या अनोळखी माणसांना उत्तरे दिली. २०२४ मध्ये ते गेले, तोवर त्यांचे हे काम चालूच होते. दहा वर्षांचा लॅपटॉप आज भंगारात न जाता घरात चालतो, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

घरी काय करावे?

प्रथम साधी गोष्ट पाहावी. कळफलकावरचे विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले नाही ना? काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचा वेगळा खटकाही असतो.

त्यानंतर तात्पुरते इंटरनेट मिळवावे. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की वाय-फायशिवाय काम भागते. अर्जाची घाई असेल तर तो आधी भरून टाकावा, दुरुस्ती मागाहून.

मग चिपचे नाव शोधावे. लिनक्सच्या ‘टर्मिनल’मध्ये एल-एस-पी-सी-आय ही पाच इंग्रजी अक्षरे छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबले, की यंत्रातल्या भागांची यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ या शब्दांपुढे कंपनी आणि क्रमांक दिसतो. लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव इथे उपयोगाचे नसते. एकाच कंपनीच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या चिप असू शकतात.

पुष्कळदा ड्रायव्हर असतो, पण ‘फर्मवेअर’ नसते. फर्मवेअर म्हणजे कार्ड सुरू होताना त्याच्या पोटात भरायचा छोटा प्रोग्राम. त्याचे हक्क कंपनीकडे असल्याने काही लिनक्स आवृत्त्या तो सोबत देत नसत. डेबियन या प्रसिद्ध आवृत्तीने जून २०२३ पासून असे फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्येच ठेवले आहे. उबंटू वापरणाऱ्यांनी ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ हा पर्याय उघडून पाहावा, ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या चिपचा ड्रायव्हर तिथे सापडतो.

एवढे करूनही यश आले नाही, तर लिनक्सवर चालणारे छोटे यूएसबी वाय-फाय कार्ड काही शे रुपयांत मिळते. मात्र घेताना आत कोणती चिप आहे, हे विचारूनच घ्यावे, नाहीतर पुन्हा तोच मुक्याचा संसार.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचा विचार अजून चालू असेल, तर त्यांच्यासाठी आणखी सोपी वाट आहे. बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. विंडोज पुसण्यापूर्वी वाय-फाय लागते का, आवाज येतो का, हे अर्ध्या तासात कळते. आणि घरातले फोटो, कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवायला विसरू नये.

राइट टाउनमधल्या त्या मुलीचा अर्ज वडिलांच्या मोबाइलला केबल लावून त्याच रात्री भरून होईल. चिपचे नाव ती दुसऱ्या दिवशी निवांत शोधील आणि नव्या लॅपटॉपचे तीस हजार तिच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी घरातच राहतील.