टिलामूकचा पाऊस आणि आमचं खाजण

तिकडे तुम्ही मंडळी ऑक्टोबर हीटच्या नावाने बोटं मोडत असता, तेव्हा आमच्याकडे पाऊस सुरू होतो. आमच्याकडे म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्यातल्या टिलामूक या गावी. वस्ती पाच हजारांच्या आसपास, भोवती गाईंचे गोठे आणि कुरणं. 1909 साली इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या दूध संघासारखीच सहकारी संस्था काढली. तिचं चीज आज अमेरिकाभर मिळतं. बायकोला इथल्या दवाखान्यात नोकरी लागली, आणि माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस! म्हणून पोर्टलंड सोडून डोंगराच्या अलीकडे येऊन राहिलो.

इथला पाऊस आपल्यासारखा धो धो नाही. दिवसचे दिवस नुसती भुरभुर, ढग कुरणावर टेकलेले, नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आत अंधार. वर्षाला नव्वदेक इंच पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा काही मोठा नाही. पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला ऑक्टोबरपासून थेट वसंतापर्यंत पुरवून पुरवून पडतो. छत्री सहसा कोणी वापरत नाही. पहिल्या वर्षी मी वापरली आणि सगळ्या गावाला कळलं की हा पाहुणा आहे!

तरी या पावसाची लोक वाट बघतात. उन्हाळा कोरडा असतो आणि मागच्या डोंगरात वणव्यांची भीती. 1933 च्या ऑगस्टमध्ये इथलं जंगल पेटलं ते अडीच लाख एकरांच्या घरात जळलं. ती आग शेवटी सप्टेंबरातल्या पावसाने आटोक्यात आणली. पहिल्या सरी आल्या, नद्या जरा फुगल्या की समुद्रातले सामन मासे नदीत चढायला लागतात आणि माणसं रानात अळंबी शोधत हिंडतात. मृग लागल्यावर आपल्याकडे चढणीचे मासे आणि अळंबी, तसंच अगदी. फक्त महिना वेगळा.

पण मला आज लिहायचं आहे ते या पावसाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. टिलामूकच्या खाडीला पाच नद्या मिळतात. हवाईच्या बाजूने ओल्या हवेचा लांबलचक पट्टा आला आणि डोंगरावर आपटला की या नद्या तासाभरात रंग बदलतात. 6 नोव्हेंबर 2006 ला विल्सन नदीच्या वरच्या अंगाला लीज कॅम्प इथे चोवीस तासांत 14 इंचांहून जास्त पाऊस झाला. त्यात समुद्राला भरती असेल तर पाणी जाणार कुठे? चिपळूणकरांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. 22 जुलै 2021 ला त्यांनी तेच पाहिलं. आमचं घर चिपळूणच्या खाली, खाडीकाठी. त्या दिवशी घरात छातीभर पाणी होतं.

टिलामूकच्या लोकांनी यावर काय केलं? आधी आपण करतो तेच. खाडीकाठच्या दलदलीला बांध घातले, उघाड्या बसवल्या आणि आत कुरणं केली. पूर्वी पूर आला की पाणी त्या दलदलीत पसरायचं. आता ते बांधांमध्ये कोंडलं आणि गावात शिरायला लागलं. फेब्रुवारी 1996 च्या पुरात शेकडो गाई मेल्या. मग गाईंसाठी मातीचे उंच चौथरे बांधले. शेवटी 2016-17 साली 'सदर्न फ्लो कॉरिडॉर' या कामात इतक्या कष्टाने घातलेले बांध काही मैल काढून टाकले आणि साडेचारशेच्या आसपास एकर जमीन पुन्हा भरतीच्या पाण्याला मोकळी केली!

मी इंजिनियर. पाणी आलं की भिंत बांधा, हे आमच्या डोक्यात पहिल्या वर्षापासून भरलेलं. त्यामुळे बांध फोडायला सरकारने पैसे खर्च केले हे ऐकून मी शेजारच्या म्हाताऱ्या गवळ्याला विचारलं, तुम्हाला हे पटलं का हो? तो म्हणाला, लगेच नाही पटलं. पण पाऊस काही माझ्याशी बोलून पडत नाही.

पूर यायचे थांबलेत असं नाही. मोठ्या पावसात हायवेवर अजूनही पाणी येतं. पण पाण्याला पसरायला जागा झाली, आणि गावावरचा ताण तेवढा हलका झाला.

हे सगळं आज लिहितोय कारण दिवाळीत धाकट्या भावाचा फोन आला होता. घराखालच्या खाजणात भराव टाकून तिथे चार खोल्या काढायच्या आहेत, पर्यटकांसाठी. जमीन दोघांच्या नावावर, माझी सही हवी. मी नको म्हणालो. तो चिडला. "दादा, शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वीच भराव टाकलाय. त्यांचं पाणी आपल्याकडे येतं. आपणच तेवढं शहाणं व्हायचं?"

त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच ते मला घाबरवतं. शेजाऱ्याच्या भरावाचं पाणी आमच्या अंगणात, आमच्या भरावाचं पुढच्या वाडीत. प्रत्येक जण आपापल्यापुरता बरोबर, आणि पूर मात्र दर वेळी वीतभर वर. नंतर आपण धरणाला शिव्या घालायच्या, गाळाला घालायच्या. त्यात तथ्य असेलही. पण खाजण कोणी बुजवलं, हे आपण विचारत नाही.

मात्र भावाला नुसता उपदेश करणंही मला लबाडीचं वाटतं. इथे बांध फोडले ते सार्वजनिक पैशातून. पुराला जागा देण्याचा भुर्दंड एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारला नाही. आपल्याकडे नदीसाठी जमीन मोकळी ठेवणाऱ्याला काय मिळतं? खुळा म्हणवून घ्यायचं सुख! माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं खाजण पुराचं पाणी पोटात घेतं, त्याला गावाने आणि सरकारने त्याचा मोबदला द्यायला हवा. तसं झाल्याशिवाय भराव थांबणार नाहीत, नियम कितीही करा.

तोवर काय? मी भावाला सांगितलं, सही करणार नाही. पण त्या खोल्यांतून तुला जे मिळालं असतं त्यातला अर्धा वाटा दर वर्षी मी पाठवीन. शिवाय घराचं जोतं उचलायचा खर्चही माझा. डॉलरमध्ये कमावणाऱ्याने एवढं तरी करावं.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जुलैत ये एकदा. उधाण असेल तेव्हा. मग बोलू."

तिकीट काढलंय. इथे बाहेर भुरभुर चालूच आहे, शेजारच्या गाई गोठ्यात आहेत, आणि मोकळ्या केलेल्या त्या जमिनीवर आत्ता भरतीचं पाणी चढत असेल.

तुमच्या गावात कोणाचं खाजण शिल्लक आहे का? असेल तर कळवा.